तारखेचा शिक्का

छापून आलेली बातमी खुपली तर माणसं काय काय करतात, ते मी नोकरीभर पाहिलं. कुणी खुलासा पाठवायचं, कुणी संपादकांच्या केबिनमध्ये येऊन आवाज चढवायचं, कुणी अब्रूनुकसानीची नोटीस धाडायचं. पुण्याच्या एका दैनिकाच्या संदर्भ विभागात मी निवृत्तीपर्यंत कात्रणं कापली, चिकटवली आणि पाकिटांत लावली. कितीही मोठा माणूस चिडला तरी पाकिटातलं कात्रण पाकिटातच राहायचं. आता बातम्या इंटरनेटवर असतात आणि त्या काढून टाकायची एक नवी रीत रुळली आहे. बातमी खोटी आहे असं म्हणायचंच नाही. ती मूळ माझी होती, पत्रकारानं माझ्याकडून चोरली, अशी कॉपीराइटची तक्रार करायची. चोराच्या उलट्या बोंबा, पण त्या ऐकून बातमी खरोखर खाली उतरते.

यातलं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं प्रकरण अमेरिकेतलं आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या नोएडात आहे.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात अनिल पोट्टी नावाचे कर्करोग संशोधक होते. गाठीतल्या जनुकांच्या हालचालीवरून कोणत्या रुग्णाला कोणती केमोथेरपी लागू पडेल हे आधीच सांगता येतं, असा दावा त्यांच्या गटानं २००६ मध्ये केला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना चुकांमागून चुका सापडल्या. तरीही या संशोधनाच्या आधारानं खऱ्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. २०१० च्या जुलैत ‘द कॅन्सर लेटर’ या कर्करोगविषयक वृत्तपत्रिकेनं उघड केलं की पोट्टी स्वतःला ऱ्होड्स स्कॉलर, म्हणजे ऑक्सफर्डच्या मानाच्या शिष्यवृत्तीचे मानकरी म्हणवत होते, पण ते तसे नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे एकेक शोधनिबंध मागे घेतला गेला आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधन सचोटी कार्यालयानं त्यांना खोटी माहिती वापरल्याबद्दल दोषी ठरवलं.

मागे घेतलेल्या शोधनिबंधांचा पाठपुरावा करणारं ‘रिट्रॅक्शन वॉच’ हे संकेतस्थळ आयव्हन ओरान्स्की आणि अ‍ॅडम मार्कस यांनी २०१० मध्ये सुरू केलं. पोट्टी प्रकरणावर त्यांनी सातत्यानं लिहिलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यातले दहा लेख अचानक दिसेनासे झाले. न्यूजबुलेट डॉट इन या नोएडाच्या संकेतस्थळाचा ज्येष्ठ संपादक म्हणवणाऱ्या एकानं, रिट्रॅक्शन वॉच ज्या ब्लॉगसेवेवर होतं त्या वर्डप्रेसकडे तक्रार केली होती, की हे लेख आमचे आहेत आणि रिट्रॅक्शन वॉचनं ते परवानगीशिवाय उचलले. प्रत्यक्षात तेच लेख जसेच्या तसे न्यूजबुलेटवर नेऊन टाकलेले होते. त्या संकेतस्थळाच्या नावाची नोंदणीच ऑक्टोबर २०१२ मधली होती. ज्या लेखांवर मालकी सांगितली होती, त्यांतले कितीतरी त्याआधीच प्रसिद्ध झालेले. म्हणजे लेखानंतर जन्मलेलं संकेतस्थळ त्या लेखाचं बाप असल्याचं सांगत होतं. ही तक्रार कुणाच्या सांगण्यावरून झाली, हे सिद्ध झालेलं नाही आणि पोट्टी यांनी ती करवली असं मी म्हणत नाही. मला दिसतं ते एवढंच, की एक तारीख पाहायला दोन मिनिटं लागली असती आणि लेख उतरवण्याआधी ती कुणी पाहिली नाही.

संदर्भ विभागात पहिल्या दिवशी मला शिकवलेली पहिली गोष्ट तारीख ही होती. कात्रण कापायच्या आधी तारखेचा शिक्का मारायचा, मग कात्री. शिक्का राहून गेलेलं कात्रण कितीही महत्त्वाचं असलं तरी आमचे विभागप्रमुख ते पाकिटात घालू देत नसत. बातमी कधीची हे ठाऊक नसेल तर कोण कुणाच्या आधी बोललं हे कळत नाही, आणि मग त्या कागदाला पुरावा म्हणून किंमत उरत नाही.

इंटरनेटवरची ही लबाडी सगळी तारखेवरच चालते. ब्लॉगवर लेख टाकताना प्रसिद्धीची तारीख आपल्याला हवी ती देता येते. आज टाकलेला मजकूर तीन वर्षांपूर्वीचा म्हणून दाखवता येतो. नकोशा बातमीची नक्कल करायची, कुठल्यातरी फुकटच्या ब्लॉगवर मागची तारीख घालून डकवायची आणि त्या दुव्याकडे बोट दाखवून गूगलला कळवायचं, की मूळ हे, नक्कल ती. हार्वर्डच्या बर्कमन क्लाइन सेंटरशी जोडलेला ल्यूमेन नावाचा एक संग्रह आहे. गूगलसारख्या कंपन्या आपल्याला आलेल्या अशा नोटिसांच्या प्रती तिथे पाठवतात. तिथल्या संशोधक श्रेया तिवारी यांनी २०२२ मध्ये या मागच्या तारखेच्या पद्धतीच्या जवळपास ३४ हजार नोटिसा शोधून काढल्या. जून २०१९ ते जानेवारी २०२२ या काळातल्या या नोटिसांतल्या कितीतरी बातम्या गुन्ह्यांच्या आणि भ्रष्टाचाराच्या होत्या.

हे काम धंदा म्हणूनही चालतं. गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूत हत्या झाली. मारल्या गेलेल्या पत्रकारांचं अर्धवट राहिलेलं काम पुढे नेणाऱ्या ‘फॉरबिडन स्टोरीज’ या संस्थेनं त्यांच्या कामाचा धागा धरून फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘स्टोरी किलर्स’ ही शोधमालिका प्रसिद्ध केली. तिच्यात एलिमिनालिया या स्पॅनिश कंपनीची जवळपास ५० हजार अंतर्गत कागदपत्रं उघडकीला आली. पैसे घेऊन लोकांचा इंटरनेटवरचा भूतकाळ पुसून द्यायचा, हा तिचा व्यवसाय. गिऱ्हाइकांत आर्थिक गुन्ह्यांत अडकलेली माणसं होती, आणि वापरल्या जाणाऱ्या हत्यारांत कॉपीराइटच्या खोट्या तक्रारी होत्या. ज्या बाईंनी शेवटपर्यंत खोट्या बातम्यांविरुद्ध लिहिलं, त्यांच्या कामातून हे बाहेर आलं, याचं मला मोल वाटतं.

कायद्यातच एक तिरपेपणा आहे, त्यावर जरा थांबायला हवं. आपण वापरतो त्या बहुतेक मोठ्या सेवा अमेरिकी असल्यामुळे तिथला १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट सातारा-सोलापूरच्या पत्रकारालाही लागू होऊन बसतो. तक्रार आली की मजकूर झटपट खाली घेणारी कंपनी स्वतः दायित्वातून सुटते, त्यामुळे आधी उतरवणं तिच्या सोयीचं. तक्रार करणाऱ्यानं सही, संपर्काचा तपशील आणि ‘मी प्रामाणिकपणे असं समजतो’ एवढं लिहिलं की भागतं. खोट्या शपथेची टांगती तलवार आहे ती फक्त ‘मी मालकाच्या वतीने बोलतो आहे’ या एका विधानावर. पण लेख परत मिळवायला लेखकानं प्रतिनोटीस द्यायची, तर तिच्यात खरं नाव, पत्ता, फोन, शपथेवरचं निवेदन आणि अमेरिकेतल्या न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याची कबुली, हे सगळं लागतं. आणि ती प्रत तक्रारदाराच्या हाती जाते. तक्रारदार बनावट नावानं आलेला असू शकतो. त्याला लेखकाच्या घराचा पत्ता मात्र रीतसर पोचतो.

हे पुस्तकी वाटेल म्हणून जवळचं सांगते. सातारा जिल्ह्यातला एक तरुण स्वतःचं छोटं बातम्यांचं पोर्टल चालवतो. प्रशिक्षणार्थी म्हणून आमच्याकडे होता, तेव्हापासून मला ताई म्हणतो. त्यानं आपल्या भागातल्या एका पतसंस्थेवर लिहिलं. मुदत संपलेल्या ठेवी लोकांना परत मिळत नव्हत्या आणि लेखापरीक्षकाच्या अहवालात संचालकांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जांवर शेरे होते. बातमी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, हे तिथल्या ठेवीदारांना पाठ होतं. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, लोक प्रश्न काढून ठेवायला लागले आणि एका सकाळी दुवा उघडेना. त्याच्या होस्टिंग कंपनीची मेल आलेली, तुमच्या पानाविरुद्ध कॉपीराइटची तक्रार आहे.

त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. ‘‘ताई, गावात सगळे म्हणतायत, बातमी खोटी होती म्हणून काढली.’’ मला वाटतं, यातला खरा घाव इथे आहे. वाचणाऱ्याला नोटीस दिसत नाही, फक्त रिकामं पान दिसतं, आणि रिकाम्या पानाचा अर्थ लोक लावायचा तोच लावतात.

‘‘आधी त्यांची मूळ म्हणवणारी बातमी पाठव,’’ मी म्हटलं. एका फुकटच्या ब्लॉगवर त्याचाच मजकूर होता, स्वल्पविरामासकट. वर तारीख फेब्रुवारीतली, त्याच वर्षाची. आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘३१ मार्च अखेर थकीत कर्जे’ हा आकडा. फेब्रुवारीत बसून कुणाला मार्चअखेरचे आकडे कळले? शिवाय तो आकडा जुलैतल्या लेखापरीक्षण अहवालातून घेतल्याचंही खाली लिहिलेलं. नक्कल करणाऱ्यानं बातमी वाचलीसुद्धा नव्हती. मी त्या पानाची प्रत वेबॅक मशीन या इंटरनेटवरच्या पानांच्या संग्रहात जतन करून ठेवली. तिथे जतन केलेल्या प्रत्येक पानाच्या पत्त्यात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असा चौदा आकड्यांचा शिक्का बसतो आणि तो ब्लॉग लिहिणाऱ्याला बदलता येत नाही.

पुरावा इतका धडधडीत असूनही तो प्रतिनोटीस द्यायला कचरत होता. घरी आई एकटी असते, पत्ता कुणाच्या हाती जाईल याची भीती. ती भीती खोटी आहे असं मी त्याला कसं सांगणार? शेवटी ओळखीच्या एका वकीलबाईंनी त्यांच्या कार्यालयाच्या पत्त्यावरून ती पाठवली. त्यानंतरही कायद्याप्रमाणे कामाचे दहा ते चौदा दिवस जावे लागतात. पान परत आलं तेव्हा सभा होऊन गेली होती, अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला होता. तक्रार करणाऱ्याला जे हवं होतं ते मिळालं. बातमी कायमची मारायची त्याला गरजच नव्हती, तेवढे दिवस ती नसणं पुरेसं होतं.

आपल्या कायद्यातही असे दिवस आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार लेखी तक्रार आली की मध्यस्थ कंपनीनं मजकूर २१ दिवस रोखायचा आणि तेवढ्यात तक्रारदारानं न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. आदेश आणायची जबाबदारी तक्रारदारावर टाकली, हे चांगलं. पण २१ दिवस पतसंस्थेच्या सभेला पुरतात, ग्रामपंचायतीच्या प्रचारालाही पुरतात. त्याच कायद्याचं कलम ६० मात्र पत्रकारांनी वाचून ठेवावं असं आहे. कॉपीराइटच्या नावाखाली कुणी बिनबुडाची कायदेशीर कारवाईची धमकी दिली, तर ती सोसणाऱ्याला स्वतःच न्यायालयात जाऊन मनाई आणि भरपाई मागता येते. अमेरिकेतही जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याकडून भरपाई घेता येते आणि ती घेतली गेलीही आहे. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डीबोल्ड कंपनीनं यंत्रांतल्या त्रुटींची चर्चा असलेल्या स्वतःच्या अंतर्गत मेल दडवायला २००३ मध्ये विद्यार्थ्यांवर नोटिसा सोडल्या. २००४ मध्ये न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी कंपनीविरुद्ध निकाल दिला आणि तिला १ लाख २५ हजार डॉलर मोजावे लागले. ऑलिव्हर हॉथम या ब्रिटिश विद्यार्थ्यानं एका संघटनेची उत्तरं छापली, तर तिनं त्याच उत्तरांवर आपला कॉपीराइट सांगून लेख उतरवायला लावला. तिथे वर्डप्रेस चालवणारी ऑटोमॅटिक कंपनी स्वतः विद्यार्थ्याबरोबर न्यायालयात गेली आणि २०१५ मध्ये सुमारे २५ हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली. कंपनी पाठीशी उभी राहिली म्हणून हे झालं. एकट्या पोराकडून ते होत नाही.

जुनी बातमी जाचते अशी खरी माणसंही असतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या विभागात एक गृहस्थ आले होते. अपहाराच्या आरोपातून न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं होतं आणि अटकेची बातमी तेवढी फायलीत होती. ती काढून टाका म्हणाले. आम्ही ती काढली नाही. निकालाची बातमी शोधली, तिच्यावर शिक्का मारला आणि त्याच पाकिटात, अटकेच्या कात्रणाला टाचून ठेवली, म्हणजे एक उचलणाऱ्याच्या हाती दुसरंही येईल. आजच्या संकेतस्थळांनाही हे करता येतं, जुन्या बातमीच्या डोक्यावर निकाल लिहून. अशा माणसाला कॉपीराइटची खोटी तक्रार करावी लागू नये, ही संपादकांचीही जबाबदारी आहे.

लहान पोर्टल चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बातमी टाकलीत की त्याच तासाला तिची प्रत वेबॅक मशीनवर जतन करा. मूळ फोटो, टिपणवह्या, लेखापरीक्षकाच्या अहवालाची पोच, सगळं तारखेसह ठेवा. नोटीस आली तर ती लपवू नका, त्या जागी लिहा की या बातमीविरुद्ध अमुक तारखेला कॉपीराइटची तक्रार आली आहे आणि आम्ही ती लढतो आहोत. वकिलाचा पत्ता वापरता येईल का, हे आधी विचारून ठेवा. आणि होस्टिंग कंपन्यांकडे एकच मागणी सगळ्यांनी मिळून लावून धरू या, की मजकूर उतरवण्याआधी दोन्ही पानांच्या तारखा बाहेरच्या संग्रहात तपासा आणि तक्रारदाराची ओळख पटल्याशिवाय पत्रकाराचा पत्ता त्याला देऊ नका. सातारच्या त्या मुलाच्या पोर्टलवर बातमी आता पुन्हा वाचता येते. पुढच्या लेखापरीक्षण अहवालासाठी त्यानं माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, आणि या वेळी मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला आहे.