शेफिल्ड ब्रेस: सेंटर बिट अखेर खाचेत बसले

पितळी पट्ट्या जडवलेल्या बीच लाकडाच्या शेफिल्ड ब्रेसमध्ये (हाताने फिरवून भोके पाडायचे जुने अवजार) सेंटर बिट (मध्यभागी टोक असलेले भोक पाडायचे पाते) पक्के बसत नाही आणि वर ओढताना ते लाकडातच रुतून ब्रेस तेवढी रिकामी हातात येते, हे रडगाणे मागच्या नोंदींत आपण वाचलेच आहे. ते रडगाणे आता संपले. सागाच्या फळीत टोक पलीकडे दिसेपर्यंत भोक पाडले, फळी उलटून दुसऱ्या बाजूने ते पुरे केले, आणि दोन्ही वेळा बिट ब्रेसबरोबरच बाहेर आले.

फिरवण्याचा सारा जोर पॅडमधील (ब्रेसच्या ज्या पितळी तोंडात बिट बसते त्यातील) चौकोनी निमुळते छिद्र आणि बिटाची तशीच शेपटी (आत जाणारे टोक) यांच्या भिंती पेलतात. कळीने, म्हणजे शेपटीवरच्या खाचेत अडकणाऱ्या स्प्रिंगच्या खिट्टीने, फक्त बिट गळू द्यायचे नसते. अशा ब्रेससाठी शेपटीवरची खाच त्या त्या ब्रेसच्या कळीप्रमाणे कानसून जुळवत, म्हणून दुसरीकडून आलेले बिट आत शिरते, पण कळ खाचेत पडत नाही. 1864 मध्ये विल्यम बार्बरने पेटंट घेतलेल्या दोन जबड्यांच्या चकने (बिट आवळून धरणाऱ्या तोंडाने) ही कटकट संपवली, पण आपल्याला जुनीच कटकट प्रिय आहे, त्याला इलाज नाही.

खाचेला हात लावण्याआधी शेपटी नीट बसवणे आवश्यक होते, कारण भिंती कानसल्या की शेपटी आणखी आत सरकते आणि आधी केलेली खाच वाया जाते. मेणबत्तीची काजळी शेपटीवर धरून बिट आत दाबले, तेव्हा फक्त तोंडाजवळचे दोन कोपरे चमकले. म्हणजे बाकी सारी शेपटी अधांतरी होती. तेवढेच उंचवटे बारीक कानशीने घासत आणि पुन्हा काजळी धरत गेल्यावर चारही बाजूंवर डाग उमटू लागले आणि बिटाचे डुगडुगणे थांबले. पॅडचे पितळ मात्र मुळीच घासू नये, कारण त्याची भरपाई होत नाही.

खरा उलगडा त्यानंतर झाला. खाच शेपटीच्या टोकापासून किती अंतरावर आहे, हे मोजण्यात अर्थ नाही, कारण शेपट्यांची लांबी वाटेल तशी असते. कळीचे नाक टेकते तिथे शेपटीची रुंदी किती आहे, ते पाहावे. माझ्या ब्रेसमध्ये ती व्हर्नियरवर 7.6 मिमी भरली. कळीने काजळीवर ओढलेला ओरखडाही तिथेच होता. खाचेची टोकाकडची कड काटकोनात ठेवली, कारण ओढताना कळ तिलाच अडते, आणि पात्याकडची बाजू उतरती केली. शेपटीचे पोलाद मऊ असल्याने त्रिकोणी कानस सहज चालली. कळ आत पडतानाचा तो टक् आवाज मी उगाचच पुन्हा पुन्हा ऐकला.

स्वस्तातल्या डायमंड कानशींनी मऊ पोलादावर काम करू नये. त्या लगेच बुजतात. जुनी बिटे विकण्याआधी तारेच्या चाकावर चकाकवणाऱ्या विक्रेत्यांकडूनही काही घेऊ नये, कारण शेपटीचे कोपरे गोल झाले की चौकोनी छिद्रात ती घसरणारच.

उरलेल्या बिटांवरही अशाच नव्या खाचा पाडायच्या, असे ठरवले होते. पण हे लिहिता लिहिताच त्यातल्या एका चमचा बिटाकडे (चमच्यासारख्या खोलगट टोकाचे बिट) लक्ष गेले, तर त्याच्या दोन बाजूंवर वेगवेगळ्या उंचीच्या खाचा दिसल्या, म्हणजे ते आधी किमान दोन ब्रेसमध्ये वापरले गेले असावे. शेपटी चौकोनी असल्याने बिट चार प्रकारे आत जाते. ते फिरवून पाहिले, तर एका बाजूची खाच कळीला जवळजवळ जुळते! तेव्हा बेत बदलला आहे: आधी सगळी बिटे चारही बाजूंनी तपासायची, जुळणाऱ्या बाजूवर पंचाने बारीक ठिपका द्यायचा, आणि काहीच न जुळल्यास मगच कानस घ्यायची. रसेल जेनिंग्ज नमुन्याची ऑगर बिटे (पिळाच्या आकाराची बिटे) यातून वगळली आहेत; ती बार्बर चकच्या ब्रेसमध्येच राहतील. कळीची स्प्रिंग थोडी सैल वाटते, पण सगळी बिटे तपासून होईपर्यंत ती खोलणार नाही.