भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर: छोट्या मोटरबोटीतून शहराची खाडी

शहराच्या खाडीत छोट्या मोटरबोटीने फिरायचं, तर निघायची वेळ पाणी ठरवतं. त्या दिवशीच्या कोष्टकात सकाळी ६:५० ला ओहोटी संपत होती आणि दुपारी १ ला पूर्ण भरती होती. पाण्याचा चढ ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ उधाणाचाच. आमच्या धक्क्याच्या पायऱ्यांशी ओहोटीला जेमतेम वीतभर पाणी उरतं आणि इंजिन पूर्ण खाली सोडलेल्या बोटीला पाऊण मीटर तरी लागतं. म्हणून सुटायचं नऊला, असं आदल्या रात्रीच ठरलं होतं.

नऊच का, याचा हिशेब सोपा आहे. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. ३.६ मीटरला हे गणित ३०, ६०, ९०, ९०, ६०, ३० सेंटिमीटर असं बसतं. नऊला दोन तास होऊन गेलेले, मीटरभर पाणी चढलेलं आणि सगळ्यात जोराचे दोन तास नुकतेच सुरू झालेले. या दोन तासांत आमच्या खाडीत दोन नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर) ओढ, म्हणजे वाहत्या पाण्याचा जोर, असतो. बोट पाण्यातून ५ नॉटने चालत असेल, तर भरतीबरोबर ती जमिनीच्या हिशेबाने ७ नॉटने पुढे जाते, भरतीविरुद्ध ३ नॉटने. आम्हाला जायचं होतं खाडीच्या वरच्या टोकाला, ६ सागरी मैलांवर. हेच अंतर एका दिशेला ५१ मिनिटांचं, दुसऱ्या दिशेला दोन तासांचं.

बोट ५ मीटरची, उघडी, फायबरची. मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आणि आत आम्ही चौघं. पाण्यात उतरवण्याआधी तळाची बूच हाताने फिरवून बघायची, नुसती नजरेने नाही. बूच अर्धी बसलेली असेल तर पाणी इतकं हळू येतं, की लक्षात येईपर्यंत तुम्ही धक्क्यापासून लांब गेलेले असता. पेट्रोलची सुटी टाकी बोटीत ठेवून भरू नये. खाली उतरवून, जमिनीवर टेकवून भरावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघत बसते. आमची टाकी २५ लिटरची. नियम तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. ५ नॉटच्या चालीला हे इंजिन तासाला साधारण ४ लिटर पितं, म्हणजे अख्ख्या फेरीला १० लिटर. तेच पूर्ण थ्रॉटलवर तासाला १५ लिटर जातं आणि पावणेदोन तासांच्या आत टाकी कोरडी होते.

टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो उघडायला विसरलं, तर इंजिन छान चालू होतं, पाच-दहा मिनिटं चालतं आणि बरोबर रहदारीच्या मधोमध बंद पडतं. पेट्रोल ओढलं जातं, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. खूण अशी, की पाइपवरचा रबरी प्रायमर बल्ब चपटा होऊन आत ओढला जातो. स्क्रू उघडा, बल्ब घट्ट होईपर्यंत दाबा, की इंजिन पुन्हा सुरू. समुद्रात ओढून आणाव्या लागणाऱ्या किती बोटींना एवढंच कारण असतं, हे बघून हळहळ वाटते.

इंजिन सुरू झाल्यावर पहिली नजर मागच्या पिचकारीवर. आउटबोर्डच्या बाजूच्या बारीक भोकातून पेन्सिलीएवढी पाण्याची धार सतत पडायला हवी. आतला पंप खाडीचं पाणी खेचून इंजिन थंड करतो आणि त्यातलंच थोडं इथून बाहेर टाकतो. धार जोरात आहे, कोमट आहे, तर सगळं ठीक. धार नसेल तर लगेच इंजिन बंद. त्या पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरला, तर मिनिटाच्या आत त्याची पाती झिजतात. मग किल स्विचची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मांडीभोवती. चालवणारा पडला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. दोरी नसेल तर मोकळी बोट गोल फिरते आणि पडलेल्या माणसावरच परत येते. लाइफजॅकेट अंगावर, सीटखाली नाही.

धक्का सुटला आणि शहर पाठमोरं झालं. खाडीतून फिरण्याचं खरं सुख इथे आहे: रस्त्यावरून कधी न दिसणारी शहराची मागची बाजू. गोदामांच्या पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, भिंतींतून बाहेर आलेले नळ, क्रेनच्या सावल्या, गंजलेल्या बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर) वाळत घातलेले कपडे. हे बघायचं तर ४-५ नॉटच हवेत. आमच्या लांबीच्या बोटीला तशीही ५ नॉटच्या आसपास नैसर्गिक मर्यादा येते. त्यापुढे ती स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आकाशाकडे, समोरचं दिसत नाही, मागे मोठी लाट आणि मैलामागे पेट्रोल सगळ्यात जास्त. १२-१४ नॉटला बोट पाण्यावर सपाट होऊन पळते. या दोन्हींच्या मधला वेग कोणाच्याच कामाचा नाही. तरी बहुतेक लोक नेमके तिथेच चालवतात आणि धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटवतात.

जहाजांचा रस्ता बोयांनी, म्हणजे तळाला बांधलेल्या तरंगत्या खुणांनी, आखलेला असतो. जगाच्या बहुतेक भागात समुद्राकडून आत येताना लाल बोया डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिका खंडांत, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये नेमकं उलट. आम्ही बोयांच्या बाहेरून, उथळ कडेने जातो. मोठी जहाजं तिथे येऊच शकत नाहीत, आम्हाला मात्र दीड मीटर पाणी पुरेसं. रस्ता ओलांडायचाच झाला, तर काटकोनात, सरळ, आणि जहाजाच्या मागून. १० नॉटने येणारं जहाज मिनिटाला ३०० मीटर कापतं आणि त्याच्या नाळेसमोरचं शेकडो मीटर पाणी वरून दिसतच नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अरुंद जलमार्गात २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नसते. धडक होणार का, हे कळायची जुनी रीत आहे. ते जहाज आपल्या बोटीच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरा. दोघं चालत असताना ते रेषेतून सरकलं नाही आणि मोठं मोठं होत गेलं, तर धडक ठरलेली. पाच तोकडे भोंगे ऐकू आले, तर ते तुमच्यासाठीच असतात: तुमचा काय विचार आहे ते कळत नाही.

नांगरलेल्या जहाजाचं मात्र लोकांना भय वाटत नाही, आणि तिथेच चुकतं. जहाज उभं असलं तरी पाणी त्याच्याखालून वाहतंय. त्याच्या नाळेसमोरून जवळून जाताना इंजिन बंद पडलं, तर ओढ तुम्हाला थेट साखळीवर नेऊन बोट आडवी करतो. बार्जच्या उतरत्या नाळेखाली तर बोट गिळलीच जाते. नांगरलेल्या कशाच्याही मागून, ओढ जिकडे जातो त्या बाजूने जावं. इंजिन बंद पडलं तरी पाणी तुम्हाला त्याच्यापासून लांबच नेतं.

फेरीबोट गेल्यावर निश्वास टाकू नये. तिची लाट मागून, मिनिटाभराने येते. वेग उतरवायचा, नाळ लाटेला साधारण ४५ अंशांवर धरायची, नाळेपाशी बसलेल्यांना मागे बोलवायचं. पुढे बसलेला माणूस हवेत उचलला जाऊन फळीवर आपटतो आणि पाठीच्या मणक्यांची दुखापत अशीच होते. दगडी भिंतीजवळ तीच लाट आपटून परत येते आणि येणारी-जाणारी मिळून पाणी जागच्या जागी उसळतं. भिंतीपासून ५० मीटर तरी लांब राहिलेलं बरं.

दहाच्या सुमारास बोट थरथरायला लागली. इंजिनचा आवाज चढला, पण चाल उतरली. शहराच्या खाडीत याचा अर्थ एकच: प्रोपेलरला प्लास्टिक. मागे बघितलं तर पिचकारीही बारीक झालेली, म्हणजे पिशवीने पाणी ओढायची जाळीही झाकलेली. अशा वेळी पहिलं काम पिशवी काढायचं नाही, नांगर टाकायचं आहे. बंद बोट दोन नॉटच्या ओढात मिनिटाला ६० मीटर वाहते, आणि पुढे पूल होता. नांगर धरल्यावर इंजिन बंद, किल स्विचची दोरी काढून खिशात, इंजिन वर उचललं, मग सुरी. पिशवी नव्हती, विणलेल्या पोत्याचा तुकडा होता. त्याचे धागे प्रोपेलरच्या मागे दांड्याभोवती दोऱ्याच्या रिळासारखे घट्ट गुंडाळलेले. हे धागे शेवटपर्यंत काढावे लागतात. एखादा राहिला तर तो आतलं ऑइलसील कापतो आणि गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. अर्धा तास गेला. नुसती पातळ पिशवी असती, तर पाच सेकंद रिव्हर्स दिला तरी बहुधा सुटली असती.

पुलाखालून जाताना खांबांकडे बघावं. प्रत्येक खांबावर काळपट ओला पट्टा असतो, वरच्या कडेला कोरडा पांढुरका, खाली कालवांनी खरबरीत. पट्ट्याची वरची कड म्हणजे भरतीची हद्द. तिथपासून आताच्या पाण्यापर्यंत जेवढा पट्टा दिसतो, तेवढी भरती बाकी. कोष्टक घरी राहिलं तरी खांब खोटं बोलत नाही. खांबांमध्ये पाणी दाबलं जातं, म्हणून ओढ तिथे वाढतो आणि खांबाच्या पाठीमागे भोवरे धरतात. बोटींसाठी खूण केलेल्या कमानीतून, बरोबर मधून, थ्रॉटल न बदलता जायचं. मध्येच वेग कमी केला, तर सुकाणूची पकड जाते.

अकराला वरच्या टोकाच्या तिवरांपाशी नांगर टाकला. नांगर फेकायचा नसतो, सोडायचा असतो. नाळ वाऱ्याला किंवा ओढाला, जे जोरात असेल त्याला, लावून बोट थांबवायची, नांगर तळाला टेकू द्यायचा, बोट मागे सरकेल तसा दोर सोडायचा आणि शेवटी हलका रिव्हर्स देऊन तो रुतवायचा. खोली होती २.५ मीटर. दोर किती सोडायचा ते मात्र आताच्या खोलीवर ठरत नाही. भरतीचा चौथा भाग, ९० सेंटिमीटर, अजून चढायचा होता, म्हणजे ३.४ मीटर, नाळेची उंची ६० सेंटिमीटर धरून ४ मीटर. त्याच्या पाचपट, २० मीटर दोर सोडला. वारा असता तर सातपट, २८ मीटर. नांगराजवळ ४ मीटर साखळी असल्याने दोर तळाशी आडवा राहतो आणि नांगर उपटला जात नाही. किनाऱ्यावरचं एक झाड आणि मागचा एक मनोरा एका रेषेत धरून ठेवला; रेषा मोडली की नांगर घसरला. मागच्या बाजूने नांगर कधीही बांधू नये, इंजिनाकडची फळी सगळ्यात ठेंगणी असते आणि लाट तिच्यावरूनच आत येते.

त्या जागेचं दुसरं गणितही तेवढंच महत्त्वाचं. भरतीला ३.४ मीटर आणि उतार तेवढाच, ३.६ मीटर, धरला, तर संध्याकाळी तिथे पाणी नाही, चिखल. आपण बसलो आहोत तो खाडीचा तळ सात-आठ तासांत उघडा पडणार, हे बगळ्यांना आपल्याआधी माहीत असतं.

परतीची वेळ हाच या फेरीचा सगळ्यात नाजूक भाग. वाटतं, ओहोटी जोरात येऊ द्यावी, चार वाजता निघावं, पाणीच घेऊन जाईल. पण दुपारी जमीन तापली की खारा वारा समुद्राकडून खाडीत शिरतो आणि दोन ते चारच्या दरम्यान भर धरतो. ओहोटी बाहेर निघालेली, वारा आत येणारा. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड, उभ्या आणि जवळजवळ होतात. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी पाऊण मीटर उसळायला लागतं आणि उघड्या बोटीत प्रत्येक लाटेला बादलीभर पाणी येतं. म्हणून आम्ही पावणेदोनला नांगर उचलला. ओहोटीचा पहिला तास, ओढ अजून नॉटभरही नाही, म्हणून त्याचं वाऱ्याशी भांडणही लहान. कड वाऱ्याच्या आडोशाची धरली, जिथे इमारती वारा अडवतात. तासाभरात, तीनच्या आत, धक्का गाठला.

धक्क्याला लागताना ओढाच्या विरुद्ध तोंड करून यायचं. पाणीच ब्रेक होतं आणि न्यूट्रलमध्येही बोट हातात राहते. फेंडर (बोट भिंतीवर घासू नये म्हणून कडेला सोडायच्या गाद्या) आधी टाकलेले, दोर हातात, पाय मात्र कधीच बोट आणि दगडाच्या मध्ये नाही. दोन तासांत ९० सेंटिमीटर पाणी उतरलं होतं, अजून २.७ मीटर उतरायचं होतं. आखूड दोराने बांधलेली बोट संध्याकाळपर्यंत भिंतीला लटकलेली सापडते. त्यामुळे पुढचा-मागचा दोर लांब, तिरका सोडला, आणि चिखलाला लागायच्या आत ती ट्रेलरवर घ्यायचं ठरवलं. चढवल्यावर इंजिनला गोड्या पाण्याची नळी लावून १० मिनिटं चालवलं. पिचकारीतून आधी गढूळ, मग मिठाची चव असलेली आणि शेवटी स्वच्छ धार पडायला लागली, तेव्हा बंद केलं. पायऱ्यांवरचा काळा पट्टा तोवर पुन्हा पाचव्या पायरीपर्यंत उघडा पडला होता.