मोडीचा वर्ग संपला आणि वाचन सुरू झालं

घरातल्या जुन्या कागदांचं काय करायचं, हा विषय आमच्याकडे दर पिढीत कोणीतरी काढतं आणि कागद पुन्हा ट्रंकेत जातात. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घरात कुलकर्णीपण, म्हणजे गावच्या हिशेबाचं वतन होतं, त्यामुळे कागद बरेच. आजोबांना मोडी, म्हणजे मराठीची जुनी जलद लिहायची लिपी, सहज वाचता यायची, त्यांच्या शाळेत ती शिकवलीच जायची. वडिलांना अक्षरं ओळखू यायची, पण मजकूर लागायचा नाही. आमच्या पिढीला कागद सुलटा धरलाय की उलटा, इथपासून अडचण. दोन पिढ्यांत घरचेच कागद घरच्यांना परके व्हावेत, हे मला फार लागलं. "ताई, आता एक तर हे कुणाला देऊन टाकू, नाहीतर वाचून तरी घेऊ," असं चुलतभाऊ म्हणाला, तेव्हा वाचण्याचं काम मी अंगावर घेतलं. अशा ट्रंका घरात असलेली माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मोडीचे वर्ग शोधायला फार फिरावं लागत नाही. राज्य शासनाचं पुराभिलेख संचालनालय ते घेतं, इतिहासाच्या संस्था घेतात. मी पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात गेले. वर्गाला इतिहासाची पदवी लागत नाही. माझ्याबरोबर कॉलेजातली मुलं होती, जमिनीचे दावे चालवणारे एक वकील होते, एक निवृत्त तलाठी होते आणि माझ्यासारख्या घरची ट्रंक उघडायला आलेल्या दोघी-तिघी होत्या.

पहिला धडा अक्षराचा नसतो, रेघेचा असतो. देवनागरीत आपण शब्द लिहून डोक्यावर रेघ देतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, होता होईल तो बोरू न उचलता. त्यामुळे शब्द कुठे संपला हे दिसत नाही. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'र' तर शेजारच्या अक्षराप्रमाणे इतकी रूपं घेतो की त्याची वेगळी वही करावी लागते. आमच्या सरांचा आग्रह एकच होता, लिहा. आम्हाला वाचायचं आहे, लिहायचं कशाला, असा प्रश्न वर्गात आलाच. त्यावर सर म्हणाले, "हात वळला की डोळा वळतो." हे शंभर टक्के खरं निघालं. लिहिणाऱ्याचा हात कुठून कुठे गेला असेल हे आपल्या हाताला कळलं, की गिचमीड वाटणारी ओळ सुटी होते. ज्यांनी नुसते तक्ते पाठ केले, ते पुढे अडले.

वर्ग संपला, परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं. घरी येऊन ट्रंकेतला कागद काढला. इंग्रजी अमलातले, म्हणजे १८१८ नंतरचे काही कागद बऱ्यापैकी लागले. त्यांतली मोडी शाळेतल्या वळणाच्या जवळची आहे. पेशवाईतला एकही कागद मात्र दोन ओळींच्या पुढे जाईना. वर्गातल्या सगळ्यांचं हेच झालं होतं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. तिथे थांबू नका, एवढं मला कळकळीनं सांगायचं आहे. वर्गात अक्षरं कळतात. कागद वाचायला आपण एकत्र बसून शिकतो.

वर्गातल्या काही जणांनी जुन्या वाचकांना धरून सामूहिक वाचन सुरू ठेवलं होतं, त्यात मी जाऊ लागले. रीत अगदी साधी. एका कागदाच्या छायाप्रती सगळ्यांना देतात. एकानं मोठ्यानं वाचायचं, अडलं की बाकीच्यांनी सुचवायचं, आणि अर्थ जुळल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही. तासाभरात कधी पाच ओळी होतात. पण त्या पाच ओळींत जे कळतं ते एकट्यानं महिनाभर बसून कळत नाही, कारण प्रत्येकाचं ज्ञान वेगळं असतं. आमचे तलाठी जमिनीच्या मोजमापात पक्के. वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर हे त्यांना तोंडपाठ, त्यामुळे आकड्यांच्या ओळी तेच उलगडायचे. धान्याचा हिशेब आला की एक आजी पुढे सरसावायच्या. पायलीचे चार शेर, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हे त्यांनी स्वतः घरात मापलेलं. वकीलसाहेबांना वाटणीपत्राची भाषा ओळखीची. संक्षेपांची गोष्ट तर एकट्याच्या आवाक्याबाहेरची आहे. नुसता 'ता' लिहून पुढे दांडी दिलेली असते. तो कुठे तालुका असतो, कुठे तर्फ, म्हणजे काही गावांचा गट, कुठे तागायत, म्हणजे 'पर्यंत'. 'मौ' म्हणजे मौजे हे लगेच कळतं, पण बाकीचं संदर्भावरून आणि दहा जणांच्या तोंडून ठरतं.

इथेच मला सगळ्यांत मोठी किल्ली मिळाली. सर म्हणाले, "बाई, मायने पाठ करा." जुन्या पत्राची सुरुवात, म्हणजे मायना, ठरलेली असते. राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री अमुक यांसी, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जाणे विशेष'. शेवटही तसाच, 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे हे विनंती'. म्हणजे पहिल्या दोन-तीन ओळींत काय असणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्या ओळींवर बोट ठेवून त्या लेखनिकाचा 'क' कसा, 'ल' कसा, 'श' कसा हे उतरवून घ्यायचं. तेवढ्या अक्षरांची यादी झाली की 'विशेष'च्या पुढचा खरा मजकूर त्या यादीवरून लागतो. प्रत्येक लेखनिकाचं वळण निराळं, म्हणून प्रत्येक कागदाची यादी निराळी. मी आजही हेच करते.

दुसरी अडचण तारखेची. पेशवाईतल्या कागदावर शके किंवा इसवी सन क्वचितच मिळतो. असतो तो शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली वेगळी कालगणना, आणि तोही अरबी संख्यावाचक शब्दांत. आमच्या एका कागदावर होतं, 'समान समानीन मया व अलफ'. एककापासून उलट वाचत जायचं. समान आठ, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. झाले ११८८. शुहूर सन मृगाला सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, की इसवी सन येतो. आमच्या कागदावर पुढे 'छ १० रबिलाखर' होतं. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातली तिथी. हे महिने चांद्र असल्यानं ऋतूंतून सरकत जातात, त्यामुळे जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणारं पुस्तक, उघडल्याशिवाय इंग्रजी तारीख सांगू नये. जंत्रीत तो महिना १७८८ च्या जानेवारीत पडला. सवाई माधवरावांची कारकीर्द, कारभार नाना फडणिसांचा. आमच्या ट्रंकेत त्या काळातला कागद आहे, हे घरात कोणालाही माहीत नव्हतं.

कागद कशाबद्दल होता? पाटाच्या पाण्याबद्दल. वरच्या आणि खालच्या वस्तीनं पाणी किती दिवस घ्यायचं, पाट कोणी साफ करायचा, कसूर झाली तर काय, याची कमाविसदारानं, म्हणजे महसुली अधिकाऱ्यानं, गावच्या मोकदमाला, म्हणजे पाटलाला, दिलेली ताकीद. त्यात लढाई नाही, सरदार नाही. पण मला त्या कागदाचं मोल फार वाटतं. गावात आजही त्या पाटावरून बोलणी होतात.

वाचनाच्या जोडीनं मंडळातली व्याख्यानं ऐकत गेले. मंडळाच्या पाक्षिक सभांची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी मंडळ स्थापन केलं. सरकारच्या ताब्यातलं पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, तेव्हा आपल्या अभ्यासकांना खुलं नव्हतं. म्हणून राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, कोनाड्यांतून कागद काढले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या मालेचे बावीस खंड छापले. पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले. मधली तीसेक वर्षं आपला इतिहास उभा राहिला तो घरोघरच्या ट्रंकांवर. हे व्याख्यानात ऐकलं तेव्हा आमच्या ट्रंकेकडे मी नव्या नजरेनं पाहू लागले. व्याख्यानाला जाणाऱ्यांना एक सुचवते. विषय अनोळखी असला तरी जा. वक्ता ज्या कागदावरून बोलतो, तो पडद्यावर आला की त्याच्याबरोबर मनात वाचायचा प्रयत्न करा. फुकटात उत्तम शिकवणी होते.

प्रदर्शनंही सोडू नका. ९ जून हा आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन, नोव्हेंबरात जागतिक वारसा सप्ताह. अशा निमित्तानं दप्तरखाने एरवी रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, बंद असलेले कागद काचेखाली मांडतात. एका प्रदर्शनात मी महजर पाहिला, गावसभेसमोर झालेल्या निवाड्याचा कागद. खाली लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या होत्या, पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. एका शाळकरी मुलीनं आईला विचारलं, "यांना सही येत नव्हती तरी यांचं विचारायचे?" आईच्या आधी शेजारचे दोघे-तिघे तिला समजावू लागले. तो अर्धा तास मला वर्गातल्या कुठल्याही तासाइतका मोलाचा वाटतो.

पुढची पायरी पुण्याच्या पुरालेखागाराची. पेशवे दप्तर तिथे आहे. आपल्या गावाचे आणखी कागद तिथे असतील का, हे मला बघायचं होतं. अर्ज, ओळखपत्र आणि विषय नेमका लिहिणं, एवढी तयारी लागते. 'घराण्याचा इतिहास' असं मोघम लिहू नका. गाव, तर्फ, प्रांत, अंदाजे साल, कशाचे कागद हवेत हे लिहा, म्हणजे तिथली माणसं नेमकी वाट दाखवू शकतात. दप्तराचे विभाग आधी समजून घ्या. रोजकीर्द म्हणजे दिवसवारी नोंद, घडणी म्हणजे त्याच नोंदी खातेवार लावलेल्या, प्रांत अजमासात महसुलाचे अंदाज आणि हिशेब, जमावात इनाम कमिशनच्या काळात गोळा केलेले कागद. इनामं तपासायला इंग्रजांनी १८५२ साली कायदा केला, तेव्हा लोकांना आपापल्या सनदा, म्हणजे इनामाची हक्कपत्रं, हजर कराव्या लागल्या. इनामदार, वतनदार घराण्यांनी म्हणूनच जमाव आवर्जून पाहावा. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल न्यायची. चिठ्ठी दिली की रुमाल येतो. आठवडाभर वेळ हाताशी ठेवून जा. आमच्या गावाचं नाव मला महसुलाच्या हिशेबात भेटलं. पाटाचा उल्लेख अजून सापडलेला नाही.

कागद जपण्याच्या कार्यशाळेबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण न वाचलेला कागद थांबू शकतो, पण चुकीचा जपलेला कायमचा जातो. फाटक्या कागदाला चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा गोंद पिवळा पडतो आणि कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण ते परत काढता येत नाही. दुरुस्ती करणारे पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ वापरतात, कारण ती पाण्यानं सुटते. आपण घरी दुरुस्तीला हात घालूच नये. धूळ मऊ कुंचल्यानं झटकावी, घड्या हळूच उघडाव्यात, टाचण्या काढाव्यात, आम्लविरहित कागदात ठेवून वर धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल बांधावा, आणि लोखंडी ट्रंक दमट भिंतीला टेकवू नये. जुन्या हातकागदाची ताकद बघून मी थक्क झाले. काजळाची शाई अडीचशे वर्षांनी काळीकुळकुळीत आहे. त्यापुढे आमचे १९४० सालचे गिरणीतल्या कागदावरचे दस्त हातात चुरतात. म्हणून आधी ते स्कॅन करून घेतले.

मूळ कागद संस्थेत द्यायचे की घरी ठेवायचे, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात पुढच्या पिढीत वाचणारं कोणी नाही, त्यांनी द्यावेत. देताना यादी करावी, प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा, लेखी पोच घ्यावी आणि घराण्याचं नाव त्या संग्रहाला राहील का हे आधी विचारून घ्यावं. आबाकाकांचा जीव ट्रंकेतल्या सनदेत गुंतला होता. ती आणि थोडे कौटुंबिक कागद घरी ठेवले, बाकीचे द्यायचं ठरलं.

देण्याआधी मात्र आम्ही एक केलं. गावच्या यात्रेला सगळे येतात, त्या दिवशी देवळाच्या सभामंडपात पाटाचा कागद वाचला. मी मोडीतून जसाच्या तसा वाचला आणि चुलतभावानं आजच्या भाषेत सांगितला. त्यात खालच्या वस्तीतल्या शेतकऱ्यांची नावं होती. नावं येऊ लागली तशी माणसं पुढे सरकली. एक काका म्हणाले, "आमचं आडनाव हाय का बघा की त्यात." होतं. दुसऱ्यांनी पाळीचे दिवस पुन्हा वाचायला लावले आणि लगेच दोन वस्त्यांत बोलाचाली सुरू झाली. निघताना तिघांनी सांगितलं की त्यांच्याकडेही असे कागद आहेत, एकाच्या घरी तर देवघरात पूजेला ठेवलेत. त्यांचे फोटो आता मोबाइलवर आले आहेत. सामूहिक वाचनाला पुढच्या रविवारी त्यांतला पहिला घेतोय. मायना लागला आहे, सन अजून लागायचा आहे.