नवी हार्ड डिस्क लावली आणि पीसी रांगायला लागला

मागच्या आठवड्यात डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क टाकली, ४ टीबीची, आणि त्यानंतरचे चार दिवस मी दुसरं काहीच केलं नाही, पीसी एवढा स्लो का झाला तेच शोधत बसलो होतो. शेवटी सापडलं, पण इतक्या भलत्या ठिकाणी सापडलं की सगळं लिहून ठेवावंसं वाटलं. मी शोधत होतो तेव्हा कुणी नेमकं हे सांगितलं असतं तर तीन रात्रींची झोप वाचली असती.

आधी काय होतं ते सांगतो. विंडोज आहे ती जुन्या अडीच इंची साटा एसएसडीवर (एसएसडी म्हणजे काही न फिरणारी, चिप्सची डिस्क; साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत), पाचेक वर्षं झाली, कधी कुरकुर नाही. फोटो आणि आईबाबांच्या जुन्या कॅसेट्सवरून उतरवून घेतलेले आवाज असं सगळं चार ठिकाणी विखुरलेलं होतं, ते एका जागी आणायचं म्हणून ही मोठी डिस्क. पीसी बंद केला, वायर भिंतीतून काढली, कॅबिनेट उघडलं, डिस्क स्क्रूने बसवली, साटा केबल लावली, पॉवर लावली, झाकण बंद. पंधरा मिनिटांचं काम.

चालू केला तर लोगोवरच अडकला. एरवी वीस-पंचवीस सेकंदात डेस्कटॉप येतो, त्या दिवशी साडेतीन मिनिटं लागली. आणि येऊनही धड नाही. माउस फिरतोय पण क्लिक केलं की काही होत नाही, स्टार्ट मेन्यू उघडत नाही, सगळं थिजलेलं, आणि मग एकदम मागचे सगळे क्लिक एकाच वेळी लागू होतात, चार विंडो धडाधड उघडतात, दोन मिनिटं बरं चालतं, परत थिजतं. घड्याळ लावून बघितलं तर दर वेळी तेवढाच वेळ, तीसेक सेकंद. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. कामाच्या ओझ्याने मशीन हळू होतं तेव्हा ते असं मोजूनमापून थांबत नाही. मोजून थांबतं तेव्हा ते कशाची तरी वाट बघत असतं.

पण तेव्हा डोक्यात एकच, नवी डिस्क लावली आणि बिघडलं म्हणजे नवी डिस्कच खराब. दुसरा विचारच नाही आला.

मग त्या डिस्कची कुंडली काढायला बसलो. ५४०० आरपीएमची आहे, मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे एक फेरा पूर्ण व्हायला ११ मिलिसेकंद, हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे, साडेपाच. त्याच्या आधी हेड हलवायला लागतो तो वेळ वेगळा. एसएसडी हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास करते. शिवाय ही एसएमआर निघाली. एसएमआर म्हणजे छपरावर कौलं कशी एकमेकांवर थोडी थोडी चढवलेली असतात तसे डिस्कवरचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा बसतो, पण मधला एक ट्रॅक बदलायचा म्हटलं की त्याच्यावर चढलेले पुढचेही परत लिहावे लागतात. वाचायला काही प्रॉब्लेम नाही, सलग भरपूर लिहायला घेतलं की मात्र दमते. वाचून वाटलं, मिळालं उत्तर. त्या भरात विंडोजचं इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी बनवणं) नव्या ड्राइव्हवर बंद केलं, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची जागा) चुकून तिकडे गेलीय का बघितलं, विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर नवी डिस्क स्कॅन करत बसलाय का तेही बघितलं. ह्या तिन्ही गोष्टी नवी डिस्क लावल्यावर खरंच पीसी हळू करू शकतात, तुमच्याकडे असं झालं असेल तर जरूर बघा. माझ्याकडे काडीचा फरक नाही.

दुसऱ्या दिवशी वैतागून नवी डिस्क सोडवली. डेटा केबल, पॉवर दोन्ही काढलं, पीसी चालू केला.

तसाच स्लो!

आणि इथे मी चुकलो. नवी डिस्क काढूनही स्लो आहे म्हणजे विंडोजच करप्ट झालं असणार असा निष्कर्ष काढला आणि सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायची तयारी सुरू केली. नेटवर बघाल तर दहातले आठ जण हेच सांगतात, फॉरमॅट मारा, नाहीतर कुठलं तरी क्लीनर टाका, रजिस्ट्री साफ करा. मला ह्या सल्ल्याचा मनापासून राग येतो, कारण कधी त्याने आजार झाकला जातो आणि कधी नुसताच एक दिवस जातो, आणि दोन्हीकडे नक्की काय झालं होतं ते कायमचं कळत नाही. नवी डिस्क काढूनही फरक पडत नाही ह्याचा सरळ अर्थ एवढाच होता की दोष त्या डिस्कमध्ये नाही, दोष मी कॅबिनेटमध्ये हात घातला तेव्हा जे काही हललं त्यात आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो मी, आणि एक नाही दोन दोन संन्यासी.

फॉरमॅटच्या आधी बॅकअप घ्यायला बसलो म्हणून वाचलो. फाइल कॉपी होताना टास्क मॅनेजर उघडा होता, परफॉर्मन्सचा टॅब. पहिल्या दिवशीही मी टास्क मॅनेजर बघितला होता, पण प्रोसेसेसचा टॅब, डिस्क १०० टक्के हे लाल झालेलं बघितलं होतं, पण कुठली डिस्क ते बघितलंच नव्हतं. आता नीट बघितलं. डिस्क ०, म्हणजे माझी जुनी एसएसडी, ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, आणि वाचण्याचा वेग ३०० केबी. तिथेच ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम म्हणून एक आकडा असतो, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, तो होता २८०० मिलिसेकंद. एसएसडीला एका मागणीला उत्तर द्यायला जवळजवळ तीन सेकंद! आणि सीपीयू ४ टक्के, रॅम अर्धी रिकामी. डिस्क १०० टक्के बिझी आणि काम मात्र शून्य, हे दिसलं की समजा डिस्क काम करत नाहीये, अडलीय.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, उघडला. त्यात विंडोज लॉग्ज, त्याच्या आत सिस्टिम. आणि बघतो तर पिवळ्या त्रिकोणांची रांगच लागलेली. एक इव्हेंट १२९, सोर्स स्टोरएएचसीआय (साटा डिस्कशी बोलणारा विंडोजचा ड्रायव्हर), रिसेट टू डिव्हाइस. दुसरी १५३, सोर्स डिस्क, डिस्क ० वरची अमुक मागणी पुन्हा एकदा करावी लागली. वेळा बघितल्या तर मी घड्याळ लावून मोजलेली थिजणं आणि ह्या १२९ च्या वेळा तंतोतंत जुळत होत्या. विंडोज डिस्कला काही तरी विचारतंय, उत्तर येत नाही, वाट बघतंय, मग कंटाळून पोर्ट रिसेट करतंय आणि परत विचारतंय. त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला, कारण आता हा भुताटकीचा प्रकार राहिला नव्हता.

पुढची पायरी क्रिस्टलडिस्कइन्फो, डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम. फुकट आहे, छोटं आहे, लिनक्सवाल्यांना हेच काम स्मार्टसीटीएल करून देतं. उघडल्यावर एसएसडीच्या नावाखाली निळ्या चौकोनात गुड. इथेच बहुतेक जण बंद करून टाकतात, मीही केलं असतं. पण वरच्या भागात ट्रान्सफर मोडची ओळ असते, त्यात दोन आकडे असतात, पहिला आत्ताचा आणि दुसरा डिस्कला जास्तीत जास्त जमणारा. माझ्याकडे लिहिलेलं, साटा १५० आणि पुढे साटा ६००. म्हणजे सेकंदाला ६ गिगाबिटवर बोलणारी डिस्क दीडवर बोलत होती, साटाच्या पहिल्या पिढीच्या वेगाने. आणि खाली तक्त्यात सी७ ह्या नंबराची ओळ, सीआरसी एरर काउंट. आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायाने मोजलेले असतात. माझा होता ००००००००१३एफ, साध्या भाषेत ३१९. दहा मिनिटांनी परत बघितलं तर वाढलेला.

हा आकडा काय सांगतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. साटाच्या डेटा केबलमध्ये सात संपर्क असतात, तीन ग्राउंडचे आणि चार खऱ्या कामाचे, दोन जायला दोन यायला. त्या दोन तारांवरून सेकंदाला ६ अब्ज बिट जातात. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी एक पडताळणीची बेरीज असते, तीच सीआरसी. समोरच्याने बेरीज करून बघायची, जुळली नाही तर पाकीट टाकून द्यायचं आणि परत मागायचं, आणि सी७ एकाने वाढवायचा. म्हणजे डेटा सहसा बिघडत नाही, वेळ मात्र जातो. फारच चुका व्हायला लागल्या की दोन्ही बाजू वेग खाली आणतात, गोंगाटात माणूस सावकाश बोलायला लागतो तसं. आणि म्हणूनच डिस्क गुड दिसते, कारण डिस्क खरोखरच चांगली असते, तिचे सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे), तिच्या चिप्स सगळं ठणठणीत. बिघाड वाटेत असतो. त्याच तक्त्यातले ०५, सी५, सी६ हे खराब किंवा संशयित सेक्टरचे आकडे वाढले तर डिस्कचीच काळजी करा आणि आधी बॅकअप घ्या. नुसता सी७ वाढतोय तर केबल बघा.

जुन्या लोकांना आठवत असेल, एक्सपीच्या काळातही असंच व्हायचं. साटाच्या आधीच्या चपट्या आयडीई केबलवर सीआरसीच्या चुका साठत गेल्या की विंडोज गुपचूप डीएमए (डेटा नेण्याची वेगवान पद्धत) मोड एकेक पायरी उतरवायचं आणि शेवटी पीआयओ ह्या हळू पद्धतीवर आणून ठेवायचं, मग साधी सीडी वाचताना पीसी गुदमरायचा. तंत्र बदललं, पण केबल बिघडली की खापर दुसऱ्याच कशावर तरी फुटतं हे तसंच राहिलंय.

परत पीसी बंद, परत वायर भिंतीतून काढली, आणि ह्या वेळी टॉर्च घेऊन जुन्या एसएसडीकडे बघितलं. दिसलं लगेच. नव्या डिस्कला पॉवर द्यायला मी जी केबल ओढून आणली होती ती जाड आणि कडक आहे, ती बरोबर एसएसडीच्या डेटा केबलच्या डोक्यावर रेलून बसली होती, आणि ते डोकं एका बाजूने मिलिमीटरभर वर आलेलं, वाकडं. ही केबल क्लिपवाली नव्हती. ज्या साटा केबलला धातूची छोटी पट्टी असते ती टक् असा आवाज करून बसते आणि पट्टी दाबल्याशिवाय निघत नाही, हिला ती पट्टीच नाही, नुसती घट्ट बसते म्हणून बसलेली. नवी डिस्क सोडवली तेव्हा पॉवरची केबल मी तशीच तिथे लोंबकळत ठेवली होती, म्हणून डिस्क काढूनही त्रास गेला नाही.

बोटाने दाबून बसवता आली असती. पण एकदा सैल पडलेलं कनेक्टर परत पडणार, म्हणून नवी क्लिपवाली केबल घातली, मदरबोर्डवरचा पोर्टही बदलला, पॉवरची केबल मागून फिरवून बांधून टाकली. चालू केलं, २२ सेकंदात डेस्कटॉप. ट्रान्सफर मोड साटा ६००, पुढे साटा ६००. मी खुर्चीत मागे टेकून नुसता बघत बसलो होतो.

सी७ चा आकडा मात्र शून्य झाला नाही, होतही नाही, तो डिस्कच्या जन्मापासूनचा हिशोब आहे. केबल बदलल्यावर तो बघून घाबरू नका. किती आहे ह्याला अर्थ नाही, वाढतोय का ते बघायचं. माझा थांबला १ए२ वर, म्हणजे ४१८.

नव्या डिस्कचे दोन प्रकार तरीही राहिले, पण ते दोष नाहीत. एक म्हणजे अधूनमधून सेव्ह म्हटलं की विंडो आठ-दहा सेकंद अडायची. कारण पॉवर ऑप्शन्समध्ये २० मिनिटं काम नसलं तर हार्ड डिस्क बंद कर असं असतं, आणि एक्स्प्लोरर सगळ्या ड्राइव्हची यादी दाखवायला त्या झोपलेल्या डिस्कलाही उठवतो. तो वेळ वाढवला, त्रास संपला. दुसरा म्हणजे कॉपी करताना वेग आधी १७० एमबी आणि तासाभराने २५ वर आला. हे ते एसएमआरचं. रात्री लावून झोपायचं, सकाळी झालेलं असतं.

तुमचं दुखणं माझ्यापेक्षा वेगळंही असू शकतं. विंडोजच नव्या फिरत्या डिस्कवर टाकलं असेल तर ते एसएसडीच्या मानाने हळू चालणारच, त्याला औषध नाही. खूप जुन्या डिस्कचं क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करून नवीवर आणलं असेल तर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट (डिस्कचा भाग कितव्या बाइटपासून सुरू होतो तो आकडा) बघा, त्याला ४०९६ ने पूर्ण भाग जायला हवा. एक्सपीच्या काळातली पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायची, म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरने ३२,२५६, त्याला ४०९६ ने भाग जात नाही, आणि मग आजच्या ४ केबी सेक्टरच्या डिस्कला लिहायच्या एका कामाला दोन-दोन सेक्टर हात लावावा लागतो. फक्त लोगोवरच वेळ जात असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बूटचा क्रम, म्हणजे पीसी कुठली डिस्क आधी बघतो ते, बघा.

आता मी कॅबिनेट उघडायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये प्रत्येक डिस्कच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतो आणि फोनवर टाकून ठेवतो, बंद करून परत चालू केल्यावर ताडून बघतो. पाच मिनिटं जातात. कॅसेटवरचे आवाज सगळे नव्या डिस्कवर गेले, फोटो अजून चालूच आहेत. आज सकाळी परत बघितलं, १ए२च आहे.