कॅमेरा, लेन्स सगळं सरळ झालं, अडकले ते मेमरी कार्डात

कॅमेरा कुठला घेतलास, लेन्स कुठली घेतलीस हे सगळे विचारतात. कार्ड कुठलं घेतलंस हे कुणीच विचारत नाही, आणि माझा सगळा वैताग त्या नखाएवढ्या कार्डाचा आहे, अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

कॅमेऱ्याचं पटकन सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं फार काही घडलंच नाही. मला घरातलेच फोटो काढायचे असतात, पोरं, आजी-आजोबा, वाढदिवस, कोण रुसलंय, कोण सोफ्यावरच झोपलंय. त्यामुळे फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप) वादात पडलेच नाही, एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला. हातात धरून बघितला, अंगठा पोचतो तिथे बटणं आहेत का बघितलं, डोळ्यावर फोकस धरतो का बघितलं (पळणाऱ्या पोरांसाठी हे मेगापिक्सलपेक्षा कितीतरी कामाचं), झालं.

लेन्सबद्दल एकच. सगळे जण ५० एमएम घ्या म्हणतात, पण एपीएस-सीवर ती ७५-८० एमएमसारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, आणि घरातल्या खोलीत मागे सरकत सरकत पाठ भिंतीला लागते तरी आजी अर्धी फ्रेमबाहेर. मी ३५ एमएम एफ १.८ घेतली (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). कॅमेऱ्यासोबत मिळते ती किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते, त्याच्यापेक्षा हिच्यातून जवळपास दहापट उजेड येतो. संध्याकाळी घरातल्या दिव्यात शटर १/२५० (सेकंदाचा अडीचशेवा भाग, म्हणजे पळणारी पोरं धूसर येत नाहीत) ठेवायचा असेल तर हा दहापटीचा फरक म्हणजेच सगळं काही.

आता कार्ड. १२८ जीबीचं घेतलं, ऑनलाइन, नाव मोठ्या कंपनीचं, विकणारा मात्र तिसराच कोणीतरी.

घेताना काय बघायचं ते मी नीट वाचलं होतं. कार्डावर ठळक छापलेला एमबी प्रति सेकंदचा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डातून कॉम्प्युटरवर घेताना. कॅमेऱ्याला हवा लिहिण्याचा वेग. त्यासाठी ते छोटं व्ही३० किंवा यू३ बघायचं, दोन्हीचा अर्थ सलग लिहिताना किमान ३० एमबी प्रति सेकंद. माझा कॅमेरा फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटला काढतो, मेगाबिटला आठने भागायचं, म्हणजे साडेबारा एमबी, व्ही३० ला ते आरामात झेपतं. व्ही६०, व्ही९० घरगुती माणसाला लागत नाहीत. शिवाय त्या वेगाची कार्डं यूएचएस-टू प्रकारची असतात, मागे पिनांची दुसरी ओळ असते, आणि कॅमेऱ्याचा स्लॉट तसा नसेल तर तो जादा वेग मिळतच नाही, पैसे तेवढे जातात.

नवीन कार्ड आलं की आधी तपासायचं ही माझी सवय, घरचे हसतात, हसू देत. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू म्हणून फुकट प्रोग्रॅम आहे, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. हे काय करतात, तर अख्खं कार्ड काठोकाठ डेटाने भरतात आणि मग तोच डेटा परत वाचून जुळतो का बघतात. रात्री लावून झोपले, कारण मोठ्या कार्डाला तास न् तास लागतात. सकाळी बघते तर खरी जागा आठ जीबीच्या आसपास, बाकीचा डेटा गेला.

म्हणजे कार्ड नकली. ह्यात करतात असं की कार्डाच्या आतल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर विचारतो किती जागा आहे, चिप सांगते १२८, कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. कॅमेराही ठेवतो. आठ जीबी म्हणजे माझे अडीचशे-तीनशे रॉ फोटो (रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मोठी फाइल), ते व्यवस्थित आले असते, आणि पुढचे काढताना कॅमेऱ्याने कसलीही तक्रार न करता काढू दिले असते, घरी आल्यावर उघडले नसते. फॉरमॅट करूनही हे सुधारत नाही, जागा मुळात नाहीच तर येणार कुठून.

इथून पुढे माझी कथा सुरू होते.

वेबसाइटच्या परत पाठवायच्या फॉर्ममध्ये कारण निवडायचं होतं. खोका फुटलेला, चुकीची वस्तू, चालू होत नाही, आता नको. 'वस्तू नकली' हा पर्यायच नाही. चालू होत नाही निवडलं. मग पुढच्या पानावर म्हणे बिघाड दिसेल असा फोटो जोडा. आता नसलेल्या जागेचा फोटो कसा काढायचा? कॅमेरा नवीन आहे पण एवढा पण नवीन नाही. प्रोग्रॅमच्या निकालाचा स्क्रीनशॉट जोडला. उत्तर आलं की मॅडम, १२८ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ दिसणं नॉर्मल आहे.

अरे हो, नॉर्मलच आहे, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे १२८ चे ११९ दिसतात, हे मला माहीत आहे, माझी तक्रार ती नाहीच! खरी जागा आठच असताना मला ११९ दिसतायत हाच तर प्रॉब्लेम आहे. हे मी त्यांना जितक्या वेगवेगळ्या शब्दांत सांगता येईल तितक्या शब्दांत सांगितलं. दर वेळी चॅटवर नवीन माणूस, नवीन नाव, 'तुमची अडचण मी समजू शकते', आणि मग तेच ११९ चं पुराण. एकाने तर फॉरमॅट करायच्या स्टेप्स पाठवल्या.

शेवटी म्हणाले बघायला माणूस येईल. आला बिचारा. कार्ड त्याच्या फोनला रीडर लावून बघितलं, एक फोटो काढून त्यात टाकला, उघडून दाखवला, "मॅडम, चालतंय की हे." मी म्हटलं दादा, पहिले आठ जीबी चालणारच, तुम्ही पुढचं बघा. तो म्हणाला माझ्याकडे एवढा वेळ नाही, आणि ते खरंच होतं, त्याच्यावर राग नाही माझा. पण त्याने 'वस्तू सुस्थितीत' असं टिक केलं आणि माझी तक्रार बंद झाली. आपोआप. परत उघडायची सोय नाही, नवीन टाका म्हणे, आणि परत करायची मुदत पहिल्या तारखेपासूनच मोजली जात होती. त्या दिवशी मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

कुणावर अशी वेळ आली तर मी मग जे केलं ते आधीच करा. प्रोग्रॅमचा निकाल दाखवू नका, समोरच्याला तो कळत नाही आणि 'बाहेरचा प्रोग्रॅम आम्ही मानत नाही' असं ऐकवतात. त्याऐवजी कुणालाही दिसेल असं करा. मी जुन्या फोटोंचे फोल्डर कार्ड भरेपर्यंत कॉपी केले, मग कार्ड बाहेर काढून परत लावलं (हे करायलाच हवं, नाहीतर कॉम्प्युटर नुकत्याच लिहिलेल्या फायली स्वतःच्या मेमरीतून दाखवू शकतो आणि सगळं छान वाटतं), आणि शेवटचे फोटो एकेक उघडायला घेतले. एकही उघडला नाही. हे सगळं फोनवर एका सलग व्हिडिओत, न थांबवता, कार्डावरचा नंबर आधी जवळून दाखवून.

दुसरं म्हणजे ज्या कंपनीचं नाव कार्डावर छापलं होतं तिच्या सपोर्टला कार्डाचे आणि पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. पाकीट फेकलं नव्हतं हे नशीब, तुम्हीही फेकू नका. त्यांचं लेखी उत्तर आलं की हे आमचं उत्पादन दिसत नाही. दोन ओळींचं मेल, पण त्याने जादू केली. नवीन तक्रारीत तो मेल आणि व्हिडिओ जोडला आणि 'चालू होत नाही' ऐवजी 'चुकीची वस्तू' हे कारण टाकलं, कारण विचार केला तर खरंच चुकीचीच वस्तू आली होती. पैसे परत आले. सॉरी वगैरे काही नाही. त्या विकणाऱ्याचं पान मी नंतर बघितलं तर कार्ड अजून विकायला होतंच, रिव्ह्यू लिहिला, तपासणीसाठी रोखून ठेवलाय म्हणे.

नवीन कार्डं अधिकृत विक्रेत्याकडून घेतली, आणि ह्या वेळी १२८ चं एक न घेता ६४ ची दोन. एक बिघडलं तर दुसरं असतं. दोन्ही तपासली, हो, परत रात्रभर, दोन्ही खरी निघाली.

बाकीच्या ॲक्सेसरीजचं आठवेल तसं. जादा बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या, मिररलेसमध्ये स्क्रीन नाहीतर व्ह्यूफाइंडर सतत चालू असतो त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. धूळ उडवायला हाताने दाबायचा ब्लोअर घ्या, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब सेन्सरवर बसतात. ट्रायपॉड मी घेतला आणि तो कोपऱ्यात उभा आहे, पळणाऱ्या पोरांना ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, फक्त सगळ्यांच्या ग्रुप फोटोत मीही यावी म्हणून बाहेर निघतो. फ्लॅश घेणार असाल तर डोकं वर वळणारा घ्या आणि पांढऱ्या छताकडे मारा, सरळ तोंडावर मारला की सगळे पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसतात. आणि फ्लॅश तुमच्या कॅमेऱ्याच्या ब्रँडसाठीचाच आहे ना बघा, नाहीतर उजेड पडेल पण टीटीएल, म्हणजे उजेडाचं आपोआप मोजमाप, चालणार नाही.

रीडरचं राहिलंच. लॅपटॉपमधला जुना स्लॉट खूप हळू निघू शकतो, वेगळा यूएसबी ३ चा रीडर घ्या. आणि फोटो कॉम्प्युटरवर घेतल्यावर दोन ठिकाणी ठेवले की मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातूनच, कॉम्प्युटरवरून नको.