आधीच चिरलेली पट्टी

मी कार्बन फायबरच्या पट्ट्या फाडून बघण्याचं काम करते असं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: "चांगल्या पट्टीत तुम्हीच आधी चीर ठेवता, मग ती फाटली यात सिद्ध काय झालं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पोळीला पदर सुटले की आपण करणारीचं कौतुक करतो. कार्बन फायबरच्या थरांनी बनलेल्या विमानाच्या पंखाचे पदर सुटले तर पंचाईत. या पट्टीत एकावर एक थर असतात. थरांतले कार्बनचे धागे कमालीचे ताकदवान, पण दोन थरांना एकमेकांशी धरून ठेवणारं फक्त इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी चिकट राळ. म्हणून धाग्यांच्या दिशेनं ओढलं तर पट्टी दाद देत नाही, पण थर एकमेकांपासून उचकटायला फारसं काही लागत नाही.

आणि ते सुटायला अपघातच व्हावा लागतो असंही नाही. दुरुस्ती करताना हातातला पाना निसटून पडला तरी पुरे. वर जेमतेम खळगा दिसतो, आत थर बरेच लांबवर सुटलेले असतात. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं तपासणारे नाण्यानं ठोकत जातात. सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. तेव्हा चीर असणार हे धरूनच चालायचं. ती पुढे सरकायला किती ऊर्जा खाते, एवढंच आम्ही मोजतो.

थर रचतानाच पट्टीच्या एका टोकाला, थरांच्या बरोबर मधोमध टेफ्लॉनची फिल्म ठेवतात, 13 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून पातळ. तिथं थर चिकटत नाहीत, तीच आमची चीर. तयार पट्टी साधारण 125 मिमी लांब आणि 25 मिमी रुंद. चीर असलेल्या टोकाला वरखाली पियानो बिजागऱ्या चिकटवायच्या, कडेला व्हाइटनर फासून पेन्सिलीनं मिलिमीटरच्या खुणा करायच्या (हो, शाळेतलाच व्हाइटनर, काळ्या कार्बनवर काळी चीर दिसणार कशी?) आणि मशीननं दोन्ही बिजागऱ्या हळूहळू ओढायच्या, मिनिटाला काही मिलिमीटर. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, चीर खुणेवर आली की नोंद करते. पहिल्या वर्षी माझ्या निम्म्या पट्ट्या फाटल्याच नाहीत. बिजागऱ्याच उखडून हातात आल्या. पट्टी घासून नीट पुसली नव्हती, दुसरं काही नाही.

साध्या, ठिसूळ इपॉक्सीचा आकडा येतो चौरस मीटरला 200 ते 300 ज्यूल. म्हणजे मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद तुकड्यातले दोन थर वेगळे करायला जी ऊर्जा लागते, तेवढ्यात पंचवीस किलोची तांदळाची गोणी जेमतेम मीटरभर उचलली जाते. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मी आकडेमोड दोनदा तपासली होती.

खरी गंमत पुढे आहे. चीर वाढू लागली की आकडाही वाढतो, कधी दुपटीवर जातो. कारण आमच्या पट्टीत सगळे धागे एकाच दिशेचे, शेजारचे थर एकमेकांत रुतलेले; त्यामुळे काही धागे चिरेच्या दोन्ही काठांना धरून मधे ताणले जातात. नदीवर दोर बांधावेत तसे. दिसायला छान, पण खऱ्या पंखात शेजारशेजारच्या थरांच्या दिशा बहुतेक वेगवेगळ्या असतात, तिथं हा आधार असाच मिळेल याची खात्री नाही. अहवालात तो मोठा आकडा ठळक छापायचा मोह सगळ्यांनाच होतो. मी मात्र आधी पहिला आकडा शोधते, चीर जागची हलली त्या क्षणाचा. तो जवळजवळ नेहमीच सगळ्यांत लहान असतो, आणि त्यावरूनच माझी नि डिझाइनवाल्यांची वर्षातून दोनदा तरी वादावादी होते.