आबिस्कोत, गुडघे टेकून

किरुनाहून नार्विककडे जाणाऱ्या रेल्वेने आबिस्कोला उतरले तेव्हा जून संपत आला होता. आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला, स्वीडनच्या या टोकाला लोक येतात ते कुंग्सलेडेनची वाट तुडवायला, नाहीतर मध्यरात्रीचा सूर्य बघायला. मी आले होते कोळी बघायला.

पहिला दिवस कोरडाच गेला. ठेंगण्या बर्चच्या झाडांमध्ये नजर सवयीने वरच जाळी शोधत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नुओल्या डोंगराच्या उतारावर, झाडं संपतात तिथे, दम खायला बसले. सहज खाली बघितलं, तर पायाशी तीन कोळी पळाले!

हे लांडगा कोळी. जाळं लावून बसायचं नाही, धावत जाऊन भक्ष्य पकडायचं. एक मादी दगडफुलाने माखलेल्या खडकावर थांबली होती. काळपट तपकिरी अंग, मागे चिकटलेली अंड्यांची फिकट, गोल पिशवी. मागचा भाग थोडा उचलून तिने ती पिशवी उन्हात धरली होती. माझी सावली पडली की ती चार बोटं सरकायची आणि पुन्हा पिशवी उन्हाला लावायची. इथला उन्हाळा इतका तोकडा की अंड्यांना मिळेल ती ऊब द्यावीच लागते. ग्रीनलंडमधल्या झाकेनबर्गला वर्षानुवर्षं सापळे लावून नोंदी ठेवल्या आहेत. बर्फ लवकर वितळलेल्या वर्षी तिथल्या लांडगा कोळ्यांच्या काही माद्या त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा अंडी घालतात, असं त्यातून दिसलं. हवामान बदलतंय हे या एवढ्याशा जिवाच्या पिशव्यांवरून कळावं, याने मी हलून गेले.

हिवाळ्यात हे कोळी बर्फाखाली, शेवाळात आणि पालापाचोळ्यात दडून राहतात. वर कडाक्याची थंडी असली तरी बर्फाच्या जाड थराखाली ती बरीच सौम्य असते. शिवाय शून्याखालीही त्यांच्या अंगातलं पाणी सहजी गोठत नाही.

उत्तरेकडे जावं तशा कोळ्यांच्या जाती कमी होत जातात, पण चादरीसारखं आडवं जाळं विणणाऱ्या चिमुकल्या कोळ्यांचा वाटा वाढत जातो. स्वालबार्ड बेटांवर तर जवळपास सगळ्या जाती याच कुळातल्या. बहुतेक जण जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे, त्यामुळे भिंगाशिवाय गत्यंतर नाही. पिल्लं रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडून उडत जातात, म्हणून अशा एकाकी बेटांवरही पोचतात.

त्या रात्री बाराच्या सुमारास टोर्नेट्रेस्क तळ्याच्या काठी आडवी पडले. उत्तरेकडून, पाण्यावरून येणारं तिरपं ऊन झुडपांच्या बुडाशी शिरलं आणि जिथे काहीच नव्हतं तिथे एकदम चादरी चमकू लागल्या! एक, पाच, मग मोजणं सोडलं. भिंगातून पाहिलं, तर एका चादरीखाली मोहरीएवढा काळा कोळी उलटा लटकत होता. वरून एक चिलट जाळ्यात पडलं. धागा थरथरला, आणि तो खालूनच त्याच्याकडे धावला.